हातचा

बाबांचं लॉगबुक मधमाश्यांच्या पेटीत होतं.
चौकटींखाली फळी, फळीखाली मेणकापड,
मेणकापडात एकेचाळीस वर्षं.
घराची झडती तीनदा झाली.
गाद्या उसवल्या, पिठाचा डबा पालथा केला.
पोळ्यात हात घालायची छाती मात्र
कुठल्याच गणवेशाला झाली नाही.

आता सरकार बदललंय.
ब्रनोचा एक प्रकाशक दोनदा येऊन गेला,
जाताना मधाची बाटली घेऊन गेला. म्हणाला,
लिहा, कॅप्टन कुबात, तुम्ही आता थोडेच उरलात.

बाबांचा हात कापतो. ते सांगतात, मी टाइप करते.
साखर कारखान्यात तीस वर्षं खतावण्या लिहिल्या मी,
बोटं आकड्यांना सरावलेली;
माणसं टाइप करताना चुकतात.

नॉरफोकच्या तळावरचा चिखल त्यांनी नऊ पानं सांगितला.
इंग्रजांना आमची आडनावं उच्चारता येत नसत
म्हणून सगळ्यांना ते जो म्हणत, सहाच्या सहा जो.
थर्मासमध्ये गोठलेला चहा,
ऑक्सिजनच्या नळीत वाजणारे श्वासाचे खडे.
आणि परतल्यावर प्रत्येकाला एक खरं अंडं,
खऱ्या पिवळ्या बलकाचं.
ते खाताना लुबोश, शेपटीतला गनर,
रडायचा. एकोणीस वर्षांचा.
कारण नसताना, असं बाबांनी सांगितलं,
मी तसंच घेतलं.

आणि खाली? मी विचारलं.
खाली ढग.
ढग नसायचे तेव्हा?
त्यांनी चष्मा पुसला, शर्टाच्या टोकाने, बराच वेळ.
ब्लांका, पुढचा परिच्छेद घे.

रात्रीच्या तासांची बेरीज मी सहज करून पाहिली,
जुनी खोड.
शेवटच्या पानावर त्यांचा एकूण आकडा, निळ्या शाईत, ठाम.
माझा जुळेना. तीन तास पन्नास मिनिटं कमी.
हातचा धरायचा राहिला असेल म्हणून पुन्हा केली.
पुन्हा तितकीच कमी.

मग दिसलं, दोन पानं एकमेकांना चिकटलेली.
केटलच्या वाफेवर धरली, बोथट सुरी सरकवली.
चर्र झालं. शिळ्या मधाचा वास आला.
मेण माश्यांनी भरलं की कुणी, ते मी विचारलं नाही.
त्या नोव्हेंबरात एकच उड्डाण:
हवा वाईट. लक्ष्य दिसले नाही.
बॉम्ब समुद्रात टाकून परत.

समुद्रात, बाबा म्हणाले, तसंच लिही.
त्यात सांगण्यासारखं काही नाही.
ताकास तूर लागू द्यायचा नाही, ही त्यांची पद्धतच.
आईला सगळं युद्ध ठाऊक होतं ते
एका अंड्यापुरतं.

त्या रात्री स्वयंपाकघरात टाइपरायटर वाजला.
एक अक्षर.
मग इतका वेळ काही नाही की मला वाटलं झोपले.
मग दुसरं.
मी उठले नाही. भिंतीकडे तोंड करून मोजत राहिले,
नव्वदच्या पुढे मोजणं सोडलं.

सकाळी यंत्रात कागद तसाच होता.

समुद्र नव्हता.
लुबोशला मागचं दिसायचं.
मी पुढे बघत होतो.

पूर्णविराम इतके जोरात मारलेले
की कागदाला आरपार भोकं.
खिडकीपाशी धरला तर तीन दिवे लागले,
एखाद्या गावात कुणी पडदे ओढायला विसरावं तसे.
मी पटकन खाली ठेवला.

प्रकाशकाचं पत्र आलंय. पानं किती भरतील, कळवा.
एकशे बारा, मी लिहिलं,
आणि पेन उचललं नाही.

बाहेर बाबा पेट्यांना धूर देताहेत,
जाळी न घालता, उघड्या मानेने.
माश्या त्यांना चावत नाहीत असं गावात म्हणतात.
चावतात. संध्याकाळी काटे मीच काढते.

दारातून ओरडून विचारलं त्यांनी,
अंडी टाकलीस का उकडायला?
टाकली, म्हटलं.
पाणी अजून थंडच होतं.